पहिल्या रविवारी २५, तिसऱ्या रविवारी ४: वस्तीतला ग्रुप टिकवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मानेवाडा-बेसा बाजूच्या एका ले-आऊटमधल्या दादाने विचारलंय की आम्ही वस्तीतल्या १५-१६ जणांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, ले-आऊटच्या मोकळ्या मैदानाची सफाई ठेवली, पहिल्या रविवारी २५ लोक आले, दुसऱ्या रविवारी ९, तिसऱ्या रविवारी ४, आणि आता मैदानावर पुन्हा तेवढाच कचरा आहे. आमचं चुकलं काय, पुढे कोणतं काम घ्यावं, संस्था रजिस्टर करावी का आणि पैसे कुठून आणावेत.

मी गेली १९ वर्षं नागपुरात नोकरी सांभाळून हेच काम करून राहिलोय, जास्त करून पूर्व नागपूरच्या वस्त्यांमध्ये, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी. त्यामुळे थोडं लांब लिहितो, सवडीनं वाचा.

सगळ्यात आधी, ४ लोक उरले म्हणून निराश होऊ नका, तुमचा ग्रुप म्हणजे तेच ४ जण आहेत. बाकीचे २१ पाहुणे होते आणि पाहुणे येणं वाईट नाही, ते तुमच्या शब्दाखातर आले, पुन्हा कधी खरी गरज पडली की येतील. पण कामाचा प्लॅन २५ लोकांना धरून करायचा नाही, ४ लोकांकडून २ तासात पूर्ण होईल एवढंच काम धरायचं, मग त्या दिवशी १० आले तर काम तासाभरात आटोपतं आणि सगळे मिळून तर्री पोहे खायला जातात, आणि ४ च आले तरी काम अर्धवट राहिल्याची टोचणी लागत नाही. अर्धवट काम सोडून घरी जाणं ही जी भावना आहे ना, तिनंच ग्रुप मोडतात असं माझं पक्कं मत आहे, आळसानं मोडणारे ग्रुप मी त्या मानानं कमी पाहिलेत.

आता मैदानाचं. तुम्ही कचरा उचलला पण तो येतो कुठून हे पाहिलं नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही, प्रत्येक नवीन ग्रुप इथूनच सुरू होतो, आम्हीही झालो. एक दिवस फक्त बसून पहा, सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ७ ते १०, आळीपाळीनं. वही घेऊन. आमच्याकडं एका कोपऱ्यावर असं बसलो तेव्हा कळलं की कचरागाडी साडेनऊला येते आणि त्या गल्लीतली सातआठ घरं अशी होती की नवराबायको दोघंही साडेआठच्या आत कुलूप लावून ड्यूटीवर निघतात. ते लोक घाणेरडे नव्हते, त्यांच्याकडं त्या पिशवीचं काय करायचं याचं उत्तर नव्हतं, म्हणून गाडी काढताना पिशवी कोपऱ्यावर फेकायचे. मग गाय पिशवी फाडायची आणि सगळं पसरायचं. उपाय एवढाच निघाला की त्या गल्लीतल्या दोन आजींनी आपल्या फाटकाच्या आत एकेक झाकणाची बादली ठेवू दिली, सकाळी निघताना लोक ओला-सुका वेगळा करून त्यात ठेवायचे आणि आजी गाडी आली की देऊन द्यायच्या. दिवाळीला त्या सातआठ घरांतून आजींकडे फराळाचे डबे आले. तो कोपरा आजही साफ आहे आणि आम्ही तिथं खराटा फक्त दोनदाच मारला. तुमच्या मैदानावर कारण वेगळं असू शकतं, कुठं बांधकामाचा मलबा टाकणारा ट्रॅक्टर असतो, कुठं नाश्त्याच्या ठेल्याच्या प्लेटा असतात, पण कारण कळल्याशिवाय खराटा हातात घेऊ नका.

यावरून मी जी एक गोष्ट शिकलो ती आता प्रत्येक कामाच्या आधी विचारतो: आपण घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी हे काम कोण सांभाळणार? त्या माणसाचं नाव सांगता आलं पाहिजे. "वस्तीतले लोक सांभाळतील" हे उत्तर चालत नाही, "समोरच्या पानठेल्यावाला सांभाळणार आणि त्यानं स्वतः हो म्हटलंय" हे चालतं.

हे मला झाडांनी शिकवलं. सुरुवातीच्या वर्षात एका जुलै महिन्यात आम्ही ११० रोपं लावली, ट्रॉलीभर रोपं आली होती, कॉलेजची मुलं आली होती, बॅनर होता, चिखलात सगळ्यांचे पाय माखले होते आणि सगळ्यांना लय भारी वाटलं. पावसाळाभर रोपं टवटवीत होती. मग फेब्रुवारी आला, मग मार्च, आणि नागपूरचा मे महिना कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ च्या वर जातो. पहिला उन्हाळा काढणं हीच रोपाची खरी परीक्षा असते. जूनमध्ये जाऊन मोजली तर ९ जिवंत. त्या ९ मधली ४ एकाच रांगेत होती, तिथं एक इस्त्रीवाले काका बसायचे, ते रोज जाताना आपल्या कॅनमधलं उरलेलं पाणी त्या चार रोपांना घालायचे, कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. आम्ही त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून आमचा नियम झाला की आधी पाणी घालणारा माणूस शोधायचा, मग खड्डा खोदायचा, आणि एका माणसाला ३ पेक्षा जास्त झाडं द्यायची नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही २४ च लावली आणि त्यातली २१ आज सावली देतात. रोपं घेताना निदान माणसाच्या कमरेएवढी घ्या, खड्डा २ बाय २ बाय २ फुटाचा मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या, आणि झाडं आपल्या मातीतली लावा, कडुनिंब, करंज, बहावा, जांभूळ, उंबर, कवठ. विजेच्या तारेखाली उंच वाढणारं झाड लावू नका, ५ वर्षांनी तेच कापावं लागतं. आणि वस्तीतलं एखादं जुनं झाड कोणी तोडत असेल तर लक्षात ठेवा, शहरात झाड तोडायला परवानगी लागते, त्यासाठी १९७५ चा राज्याचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, मनपाच्या झोन ऑफिसच्या उद्यान विभागात लेखी तक्रार करता येते. एक मोठं झाड वाचवणं हे नवीन शंभर रोपांच्या फोटोपेक्षा मोठं काम आहे.

आता कोणतं काम घ्यावं. तुमच्या जागी मी असतो तर मैदान थोडं बाजूला ठेवून कूलरचं काम घेतलं असतं, आणि हे मी फार मनापासून सांगतो कारण नागपूरसाठी याच्यापेक्षा स्वस्त आणि उपयोगाचं काम मला माहीत नाही.

नागपुरात घरोघरी कूलर. होळी झाली की कूलरच्या ताट्या, म्हणजे बाजूच्या जाळीतलं गवत, बदलतात, कूलर सुरू होतो, जूनच्या मध्यात पाऊस आला की बंद होतो आणि टाकीत दोन-तीन इंच पाणी तसंच राहून जातं. डेंग्यूचा मच्छर गटारात नाही होत, त्याला घरातलं साठलेलं स्वच्छ पाणीच लागतं, कूलर, ड्रम, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे. अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला साधारण आठवडा ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळायला सांगतात, म्हणजे मच्छर व्हायच्या आतच साखळी तुटते. आणि लोक जी गोष्ट विसरतात ती ही की अंडी पाण्याच्या काठाशी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोनमहिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून चालत नाही, आतून खराट्याच्या बुंध्यानं किंवा काथ्यानं घासून काढावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी पाणी भरलं की तीच अंडी फुटतात.

आमची एक फेरी सांगतो. ऑगस्टचा रविवार, सकाळी साडेआठ, आम्ही दोघं आणि गल्लीतलीच तीन पोरं. एका घरी मावशी म्हणाल्या, "कूलर तं आम्ही जूनमधीच बंद केला भाऊ, त्यात काहून मच्छर होतीन?" मी काही बोललो नाही, मोठ्यानं शिकवायला गेलं की लोक दार लावून घेतात. त्यांच्याच घरातली एक पांढरी वाटी मागितली, कूलरच्या टाकीतून हळूच पाणी काढलं आणि वाटी उजेडात धरली. त्यांच्या नातवानं वरून मोबाईलचा टॉर्च मारला. आधी काहीच दिसत नाही, मग एकदम दिसतं, बारीक दोऱ्याच्या तुकड्यासारख्या अळ्या, उजेड पडला की वळवळत तळाशी जातात आणि थोड्या वेळानं पुन्हा वर येऊन श्वास घेतात. मावशी वाटीत वाकून पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मागच्या वर्षी माह्या सुनेले डेंग्यूच झाला होता ना." पुढं आम्हाला काहीच सांगावं लागलं नाही, त्यांनीच शेजारणीला हाक मारली आणि तीच वाटी घेऊन तिच्या घरी गेल्या. अळ्या मातीत ओतायच्या बरं का, नालीत नाही, कोरड्या मातीत त्या लगेच मरतात.

पण त्याच घरात पाण्याचा निळा ड्रमसुद्धा होता आणि तो रिकामा करायला मावशी तयार नव्हत्या. "नळ येते तं एक घंटा येते, ड्रम ओतला तं पिऊ काय?" आणि त्यांचं बरोबर होतं. इथं अनेक ग्रुप चुकतात, वस्तीत जाऊन पाणी ओता म्हणून सांगतात आणि लोकांच्या मनातून उतरतात. ज्या घरी पाणी साठवावंच लागतं तिथं झाकायचं. आम्ही जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा ड्रमच्या तोंडावर टाकून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा कापलेला गोल रबर चढवतो, घट्ट बसतो, पाणी घेताना काढता येतो, आणि सायकलच्या दुकानवाला जुन्या ट्यूबा फुकट देतो. मोठ्या उघड्या टाक्या आणि विहिरीसाठी अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात, त्याची चौकशी झोनच्या मलेरिया-फायलेरियावाल्या कर्मचाऱ्यांकडे करा, आधी त्यांना भेटून आपण कोणत्या गल्ल्या करतोय ते सांगून ठेवलं तर काम दुप्पट होत नाही.

या कामाला पैसा लागत नाही, गल्ली ठरलेली असते, ४ लोक पुरतात, २ तासात संपतं, आणि दुसऱ्या दिवशी सांभाळणारा माणूस त्या त्या घरातच असतो. पहिल्या फेरीत दर तीन-चार घरांमागे एका घरात अळ्या सापडायच्या, सहाव्या आठवड्यात अख्ख्या गल्लीत एखादं घर निघायचं. वहीत हे लिहून ठेवा, घर नंबर, तारीख, अळ्या सापडल्या की नाही, बस एवढंच. लोकांना आपल्या गल्लीचा आकडा खाली येताना दिसला की ते स्वतः पुढं येतात. घराचं नाव ग्रुपवर टाकून कोणाची बदनामी मात्र करायची नाही, एकदा आमच्यातल्या एकानं टाकलं होतं, ते घर आम्हाला कायमचं तुटलं.

रक्तदान शिबिराबद्दल पण तुम्ही पुढं कधीतरी विचार करालच, बहुतेक ग्रुप करतात. त्यात एक सुधारणा सुचवतो. एखाद्या जयंतीला एकाच दिवशी शहरात ढीगभर शिबिरं होतात आणि मे महिन्यात, जेव्हा कॉलेज बंद, लोक गावी, ऊन रणरणतं, तेव्हा पेशंटचे नातेवाईक फोन करत फिरतात. रक्त साठवता येतं पण कायम नाही, लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस आणि प्लेटलेट फक्त ५ दिवस. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे पेशंट खूप आहेत, त्यांच्यातल्या काहींना रक्त लागतं, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर नियमित लागतं. म्हणून तुमच्याकडं ३० दाते असतील तर एका दिवशी ३० बाटल्या देण्याऐवजी त्यांची लिस्ट करा, रक्तगट, शेवटची तारीख, आणि दर महिन्याला ३-४ जणांना पाठवा. १८ ते ६५ वय, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांनी ३ महिन्यांनी आणि बायांनी ४ महिन्यांनी देता येतं. ही लिस्ट सांभाळणं हे एका माणसाचं घरबसल्या काम आहे, ज्यांना उन्हात येता येत नाही, गुडघे दुखतात, लहान बाळ आहे, त्यांना हे द्या. प्रत्येक ग्रुपमध्ये असे लोक असतात ज्यांची मनापासून इच्छा असते पण फावडं-घमेलं उचलणं जमत नाही, त्यांना काम नाही दिलं तर ते हळूहळू दूर जातात.

अजून एक सांगतो, नवीन ग्रुपनं पहिलं वर्षभर स्वतःचं मोठं काही काढायच्या आधी दुसऱ्यांच्या कामात हात लावावा. दीक्षाभूमीवर दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथं दीक्षा दिली तेव्हापासून, आणि त्या दिवसांत रस्त्यारस्त्यावर जेवण, पाणी, औषधं देणारे शेकडो लहान-मोठे गट उभे असतात. तिथं एक रात्र ड्यूटी करून पहा, माणसांच्या रांगेला वाट कशी करून द्यायची, हरवलेल्या मुलाला कुठं घेऊन जायचं, जेवणाच्या पत्रावळी टाकायला पिंप नेमकं कुठं ठेवलं की लोक त्यातच टाकतात, हे जे शिकायला मिळतं ते कोणत्याच ट्रेनिंगमध्ये नाही मिळत. पिंप जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवायचं नसतं, माणूस चालत चालत खातो, ३०-४० पावलांवर त्याची प्लेट रिकामी होते, पिंप तिथं पाहिजे. हे मला तिथल्याच एका जुन्या सैनिकानं, समता सैनिक दलाच्या गणवेषातल्या काकांनी, दाखवलं होतं. तसंच गणपतीत कृत्रिम टाक्यांवर निर्माल्य वेगळं काढायला उभं रहा. फुलं एकीकडं, प्लास्टिक आणि थर्माकोल एकीकडं, आणि हे मूर्ती आणणाऱ्याच्या भावनेला धक्का न लावता करायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं, नमस्कार करून घ्यायचं. पोरांना मी आधी हेच शिकवतो.

मी स्वतः तरुणपणी सोमनाथच्या श्रमसंस्कार शिबिराला गेलो होतो, बाबा आमट्यांनी १९६७ साली सुरू केलेलं, दरवर्षी १५ ते २२ मे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या उन्हात. पहाटे उठून श्रमदान आणि ऊन चढलं की सावलीत चर्चा. गाडगेबाबांचंही तसंच होतं, गावात पोचले की दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन. मी आजही मीटिंग कामाच्या आधी कधीच ठेवत नाही, काम झाल्यावर हातपाय धुऊन दगडावर बसून १५ मिनिटं, तेवढ्यात सगळं ठरतं. आधी मीटिंग ठेवली की बोलणारे येतात आणि करणारे घरी राहतात.

आपत्तीच्या वेळचं वेगळं आहे. २३ सप्टेंबर २०२३ आठवत असेल, मध्यरात्रीनंतर काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठची अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी अशी सगळी पाण्यात गेली. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा खिचडीची पाकिटं इतकी आली होती की काही वाया जात होती, आणि एका घरातल्या ७०-७२ वर्षांच्या काकू घोटाभर चिखलात उभ्या राहून म्हणत होत्या, "जेवण नको रे बाळा, ही गादी बाहेर काढून दे." पाणी प्यायलेली कापसाची गादी चार माणसांना उचलत नाही. ती आम्ही घरातच विळ्यानं कापून तुकड्यातुकड्यानं काढली. मग लागले ते लांब दांड्याचे वायपर, बादल्या, फिनाईल, जुने कपडे, आणि कागदपत्रं सुकवायला पंखे आणि वर्तमानपत्रं, पासबुक, रजिस्ट्रीचे कागद, मुलांच्या मार्कशीटा. ओले कागद एकमेकांवरून ओढायचे नाहीत, फाटतात, आधी सुट्ट्या कागदांमध्ये कोरा कागद घालून दाबून ठेवायचं. आणि मीटर-बोर्ड ओला असेल तर वायरमन पाहून जाईपर्यंत घरात एकही बटण दाबायचं नाही. तेव्हापासून आमच्याकडं एका सभासदाच्या गॅरेजमध्ये ६ वायपर, ४ फावडी, ४ घमेली आणि १० जोड गमबूट कायम ठेवलेले असतात. पूर असो, आग असो, आधी दोघांनी जाऊन विचारायचं की काय पाहिजे, मग ग्रुपवर मेसेज टाकायचा.

सुरक्षिततेबद्दल मी कडक आहे, इथं तडजोड नाही. नागपूरच्या वस्त्यांमध्ये जुन्या विहिरी खूप आहेत आणि त्या साफ करायची इच्छा सगळ्यांना होते. विहिरीत स्वयंसेवकानं उतरायचं नाही. बंद पडलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असतो, विषारी वायू साठलेला असतो, माणूस खाली जाऊन काही सेकंदात कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो, असे अपघात पेपरमध्ये दरवर्षी वाचतो आपण. वरून गळ टाकून जेवढा कचरा निघेल तेवढा काढा, बाकी साधनं असलेल्या प्रशिक्षित लोकांकडून. गटाराच्या चेंबरचंही तेच, २०१३ च्या कायद्यानं माणसाला असं आत उतरवायला बंदी आहे आणि आपण सेवाभावानं करतोय म्हणून त्यातला धोका कमी होत नाही. गाजरगवत उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट पाहिजेच, काही लोकांच्या अंगाला त्यानं भयंकर खाज सुटते, दमा असणाऱ्यांनी त्या दिवशी येऊ नये, आणि ते फुलावर यायच्या आत, पाऊस पडून माती ओली असतानाच मुळासकट काढायचं, फुलल्यावर काढलं तर आपणच बी पसरवतो. एप्रिल-मे मध्ये काम सकाळी ६ ला सुरू, ८ ला बंद.

मुलांना शिकवण्याचा वर्ग हा मी नवीन ग्रुपला सगळ्यात शेवटी सुचवतो, कारण मुलांना सवय लावून मध्येच सोडून देणं हे कचरा अर्धवट सोडण्यासारखं नाही, मूल वाट पाहत बसतं. किमान २ वर्षं दर आठवड्याला तोच माणूस येणार असेल तरच सुरू करा. एकटा मोठा माणूस आणि मुलं असं कधीच नको, नेहमी दोन मोठी माणसं पाहिजेत, दार उघडं, आईवडिलांना माहीत असलेली जागा. आणि मुलांचे फोटो टाकू नका, फाटक्या कपड्यातले तर अजिबातच नाही. फुटबॉलचं म्हणाल तर आपल्याच शहरातलं उदाहरण आहे, विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकर सुरू केलं, पोरं पावसात एक फुटकी बादली लाथाडत खेळत होती ते पाहून. पोरं आधीच जे करत होती त्यालाच त्यांनी बॉल दिला. वस्तीत गेलात तर आधी हेच बघा, लोक काय करून राहिलेत.

पैसे आणि रजिस्ट्रेशन. पहिली २ वर्षं रजिस्टर करू नका असं माझं मत. संस्थेसाठी १८६० च्या कायद्याखाली किमान ७ जण लागतात, मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी, मग दरवर्षी हिशेब, ऑडिट, पदाधिकारी बदलले की बदल अर्ज. हे सगळं करायला हरकत नाही पण ज्या ४ लोकांनी काम करायचं तेच ४ लोक कागदात अडकतात, आणि अध्यक्ष कोण यावरून जी तेढ येते ती मी दोन चांगल्या ग्रुपमध्ये डोळ्यानं पाहिली. कंपनीचा सामाजिक कामासाठीचा (सीएसआर) निधी किंवा मोठी देणगी घ्यायची वेळ आली की मग रजिस्टर करा. पण एक लक्षात ठेवा, नोंदणी नसताना लोकांकडून जाहीर वर्गणी गोळा करायची तर त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. म्हणून आम्ही सुरुवातीला वर्गणी घेतलीच नाही, वस्तू घेतल्या. कोणी खराटे दिले, कोणी पोत्यांचा गठ्ठा, किराणावाल्यानं चहा-साखर. आपसात जो खर्च झाला त्याचा बिलाचा फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर, ४० रुपयांचा का असेना. एकदा एका कार्यालयातून ट्रॅक्टर येणार असं तोंडी ठरलं होतं, आम्ही ३० पोती भरून ठेवली, ट्रॅक्टर आलाच नाही, रात्री कुत्र्यांनी पोती फाडली आणि वस्तीतल्या लोकांनी आम्हालाच सुनावलं, त्यांचं चुकीचं नव्हतं. तेव्हापासून आधी लेखी पत्र, त्याच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख, आदल्या दिवशी फोन, आणि गाडी समोर उभी राहिल्यावरच पोतं भरायला सुरुवात.

बॅनरबद्दल विचारलं नाही तुम्ही पण विचारणारच आहात. निवडणूक जवळ आली की कोणीतरी टी-शर्ट आणि नाश्ता घेऊन येईल. आम्ही सगळ्या पक्षांच्या लोकांना एकच सांगतो की या, फावडं घ्या, पण बॅनर नको. आणि काही खरंच येतात.

आता तुमच्यासाठी. पुढच्या रविवारी काही करू नका, तुम्ही चौघं फक्त मैदानावर वही घेऊन बसा आणि कचरा कोण, कधी, का टाकतं ते लिहा. मैदानाची मालकी कोणाची आहे, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) की मनपाची की खासगी, हे झोन ऑफिसात विचारून घ्या, नाहीतर झाडं लावल्यावर कळतं की तिथं उद्या बांधकाम आहे. त्यानंतरच्या रविवारी तुमच्या चौघांच्या स्वतःच्या घरचे कूलर घासा, मग आपापल्या गल्लीतली १० घरं. दिवस आणि वेळ कधीच बदलू नका, पहिला आणि तिसरा रविवार, सकाळी ८ म्हणजे ८ (फक्त एप्रिल-मे मध्ये ६ म्हणजे ६), एकटाच आला तरी त्यानं सुरू करायचं. जे २१ जण परत आले नाहीत त्यांना टोमणा मारू नका, प्रत्येकाला वेगळा फोन करून एकच छोटं, नेमकं काम विचारा, "तुमच्याकडं जुनी सुती साडी आहे का दोन?" असं. आणि त्या वाटीतलं पाणी पहिल्यांदा घरातल्या लहान मुलालाच दाखवा, मोठ्यांपेक्षा अळ्या त्यालाच आधी दिसतात.